ताईंना सांगू नकोस

शाळा सुटायच्या वेळी मी फाटकाशी उभी होते. माझ्या लेकीची शाळा म्हणजे एक बैठा बंगला आणि जेमतेम चाळीस मुलं. परीक्षा नाहीत, मार्क नाहीत, बाईंना ताई म्हणायचं. नवऱ्याशी वाद घालून ती मीच निवडलेली. आज तिसरीच्या मुलांनी पाण्यात हात बुडवून कुंपणाच्या भिंतीवर पंजे उमटवले होते. उन्हात ते एकेक करून वाळत चालले होते.

"माझा मुलगा कुणाशी बोलायचाच नाही. इथे आला आणि बोलका झाला," शेजारी उभी असलेली आई म्हणाली.

"बोलेल हो, पण पुढे काय? तिसरीत आली तरी आमच्या मुलीला पाढे येत नाहीत. आम्ही काढतोय तिला," दुसरी म्हणाली.

मी दोघींच्याही बोलण्याला मान डोलावली. दोघींचंही खरं वाटत होतं, आणि त्याचीच भीती वाटली. मुलीचं लहानपण चुकीच्या जागी गेलं, तर ते परत कुठून आणायचं? भिंतीकडे पाहिलं, तर निम्मे पंजे नाहीसे झाले होते.

एक गोष्ट मी त्या दोघींना सांगितली नाही. घरी जाताना स्कूटरवर मी रोज लेकीकडून पाढे म्हणून घेते आणि वर बजावते, "ताईंना सांगू नकोस हं."

आज मात्र मी पाढे विचारलेच नाहीत. सिग्नलला थांबलो, तेव्हा तिने मागून माझ्या कमरेला घट्ट मिठी मारली.

"आई, तू घाबरलीयस ना? थांब, मी सातचा पाढा म्हणते."