कोजागिरीनंतरची भुलाबाई

आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की सगळे हात जोडायचे आणि मी उठून चहा ठेवायला जायची. भूत, चकवा, करणी... सगळ्यांची टिंगल करून झालेली आहे. तेव्हा खालचं वाचून "पोरगी घाबरट दिसते" असं म्हणू नका. मला भीती वाटत नाही. दुसरंच काहीतरी वाटतं, आणि ते सांगायला जड जातंय.

गाव संग्रामपूर. खाली दोन खोल्या, वर पत्र्याची एक, ती माझी. इतिहासात बीए झालं होतं आणि एमए म्युझियमचंच करायचं हे डोक्यात पक्कं बसलं होतं. बाबांच्या मते मी शिकूनसवरून दगडी मूर्तींची चौकीदार होणार होते. त्या साली प्रवेश लांबले, मुलाखत दिवाळीनंतर होती. घरातली एखादी वस्तू जपून आणायची आणि हा कोर्स का करायचाय ते सांगायचं, असं कळवलं होतं.

मी भुलाबाई निवडली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते — भाद्रपदातल्या पौर्णिमेला आमच्याकडे कच्च्या मातीची, रंगवलेली भुलाबाई मांडतात, शेजारी तिचा नवरा भुलोजी. ती माहेरी आलेली लेक. पोरी तिच्यापुढे महिनाभर गाणी म्हणतात, झाकलेला डबा खुळखुळवून आतला खाऊ ओळखतात आणि कोजागिरी झाली की तिला नदीत शिरवतात. मी म्हटलं, यंदा शिरवायची नाही.

आई चिडली. "माहेरवाशीण हाय ते. तिले वेळेवर धाडा लागते, असं अडकून ठेवत नसतात." मी तिला वारसा, संवर्धन वगैरे बरंच ऐकवलं. शेवटी ती कंटाळून स्वयंपाकाला लागली.

त्याच दिवसांत ताई आली होती. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, सासर जवळच, नदीकाठच्या खेड्यात. मी खोक्यात कापूस भरून भुलाबाई ठेवत होते आणि ताई खोकं धरून बसली होती. एकदम म्हणाली, "मले वापस नाही जायचं." नवरा हात उगारतो म्हणाली. दंडावरचं दाखवलं. आई-बाबांना अजून बोलली नव्हती, आधी मला सांगत होती.

आणि मी काय म्हणावं? म्हटलं, माझी मुलाखत होऊन जाऊ दे, मग आपण दोघी मिळून घरात बोलू, तोवर कसंतरी काढ. घरात रडारड झाली असती तर माझा अभ्यास बुडाला असता ना! दुसऱ्या दिवशी मीच तिला एसटीत बसवून दिलं. भुलाबाई कपाटात आणि ताई सासरी, दोघींची व्यवस्था मीच लावली.

आठेक दिवसांनी, भर दुपारची गोष्ट. बाबा खाली झोपलेले, आई शेजारी चकल्या पाडायला गेलेली. मी वर बसून उत्तर पाठ करत होते — नाहीशा होत चाललेल्या वस्तू वाचवाव्यात म्हणून मला हा कोर्स करायचाय. तेवढ्यात कपाटात डबा खुळखुळला. खाऊचा डबा मी खोक्याशेजारीच ठेवला होता. उंदीर असेल म्हणून दार उघडलं, तर डबा रिकामा, झाकण घट्ट.

मग खोकं उघडलं. भुलाबाईचे पाय विरघळले होते. लुगड्याचा हिरवा रंग उतरून खालची माती ओली गच्च. कापूस कोरडा, खोकं कोरडं, शेजारचा भुलोजी ठणठणीत कोरडा. वर पाहिलं, पत्रा गळायचा प्रश्नच नव्हता, बाहेर कडक ऊन. बोट लावलं तर माती गार लागली, आत्ताच पाण्यातून काढल्यासारखी.

मी ताईला फोन लावला. तिने लगेच उचलला, पण मी काही बोलायच्या आत तीच रडत म्हणाली, "तुले कसं समजलं?"

मागे पाण्याचा आवाज येत होता. मी विचारलं, कुठं हायेस? नदीत, म्हणाली. पाणी कुठपर्यंत हाय? गुडघ्यापर्यंत.

"निंघ बाहेर. मी घ्यायले येऊन राह्यली. ताई, निंघ."

बाबांना हलवून उठवलं. ते गाडी चालवत होते, मी मागे बसून फोनवर तिच्याशी बोलत होते. लहानपणीसारखा तिला खाऊ ओळखायला लावला. ओला की सुका, गोड की तिखट... पोचलो तेव्हा ती काठावर बसून होती. ओलं लुगडं पायांना चिकटलेलं, फोन अजून कानाला.

ताई आता आमच्याकडेच असते. परत पाठवायचा विषय बाबांनी बंद केला. भुलाबाई तिनेच शिरवली, मुलाखतीला मी रिकाम्या हाताने गेले. कोर्स का करायचा म्हणून विचारलं, तेव्हा पाठ केलेलं आठवेना. घरात काय ठेवून घ्यावं ते मला कळत नाही, म्हणून, असं बोलून गेले. प्रवेश मिळाला. मनापासूनचं उत्तर म्हणून कौतुकही झालं. ते ऐकताना कान जळत होते.

माती कशी भिजली, मला माहीत नाही. पुढे कच्च्या मातीबद्दल शिकताना सरांना आडून विचारलं, हवेतल्या ओलीने असं होतं का? त्यांच्या मते नुसत्या पायांना होणार नाही, आणि शेजारची मूर्ती कोरडी राहणार नाही.

पण मला टोचतं ते वेगळंच. फोन मी काळजीने केला नव्हता. खोकं ताईने धरलं होतं, म्हणून मी तिला रागवायला फोन केला होता. "तूच ओला हात लावला ना? वाटोळं केलं माह्या कामाचं!" हे वाक्य ओठावर तयार होतं. तिने आधी तोंड उघडलं, एवढंच. एका श्वासाने ती उशीर करती, तर तिथं पाण्यात उभ्या उभ्या तिने हे ऐकलं असतं.

तिला हे अजून सांगितलेलं नाही. सुट्टीत घरी गेले की कुणी ना कुणी बसायला येतं आणि ताई कौतुकाने सांगते, "माह्या बहिणीले घरी बसल्या समजलं. रक्ताचं असते ते." सगळे माझ्याकडे बघतात. मी उठते आणि चहा ठेवायला जाते.