अहो, मी हजर होतो!

आता माझी एक फजिती ऐका. हसू आलं तर दाबू नका, माझ्या वर्गानं तर पोट धरधरून हसून घेतलंय!

जळगावला विद्यापीठात एमएस्सीला होतो. वर्गानं मला विद्यार्थी प्रतिनिधी केलं, तेही बिनविरोध. बिनविरोध म्हणजे काय, दुसरं कोणी उभंच राहिलं नाही! पण वरणगावला आमच्या आईनं असे पेढे वाटले, की शेजाऱ्यांना वाटलं मी आमदारच झालो.

काम एकच होतं. सकाळी आठचा तास नऊला करून घ्यायचा. यावलची बस यायची साडेआठला आणि आमच्या वर्गातली मनीषा त्याच बसनं यायची. बिचारीची हजेरी एवढी घसरली, की परीक्षेचा फॉर्म अडकला. मी विद्यापीठातल्या आमच्या प्रशाळेच्या बैठकीला निघालो तेव्हा म्हणाली, "भाऊ, एवढं बोलच. माझं वर्ष जाईल रे."

"तू काळजीच सोड!" म्हटलं.

छाती काढून आत गेलो. सगळे ज्येष्ठ प्राध्यापक, आणि संचालक तर धुळ्याहून नवीनच आलेले. आमच्या वर्गाला शिकवणारं त्यात कोणी नव्हतं, त्यामुळे मला ओळखणारं कोणी नाही. आता आमच्या घरची रीत अशी, की मोठी माणसं बसली की लहानानं आधी चहा द्यायचा, मग टेकायचं. तेवढ्यात कार्यालयातले नाना एका हातात ट्रे आणि दुसऱ्या हातानं गुडघा धरत आले. मी पटकन पुढे झालो, "द्या नाना इकडे!"

झालं! इथंच माती खाल्ली.

"बिस्किटं आण रे," एक प्राध्यापक म्हणाले. आणली. "पंखा वाढव." वाढवला. तोवर संचालकांचं लक्ष रिकाम्या खुर्चीकडे गेलं. "विद्यार्थी प्रतिनिधी आले नाहीत का?"

आता तुम्हीच सांगा, हातात ट्रे धरून 'मीच तो' कसं म्हणायचं?

"ही आजकालची मुलं! जबाबदारी म्हणून नाही," ते माझ्याकडेच बघून म्हणाले.

आणि मी काय बोललो असेन? "हो ना सर!" अहो, वर मानसुद्धा हलवली!

बैठक संपत आली. मी आपला कप गोळा करतोय आणि डोळ्यांपुढे मनीषाचं रडवेलं तोंड. शेवटी संचालकांचा कप उचलता उचलता कसंबसं बोललो, "सर, आठचा तास नऊला करा ना. यावलची बस साडेआठशिवाय येत नाही. एका पोरीचा फॉर्म अडकलाय."

"तुला काय माहीत?"

"रोज बघतो ना सर."

ते बाकीच्यांकडे वळले. "बघा! चहा देणाऱ्याला कळतं, आणि आपल्याला पत्ता नाही!" तास तिथल्या तिथं नऊचा झाला. मनीषाचा फॉर्मही घ्यायचं ठरलं. मी आनंदानं असा पळालो, की दारात दोन कप फुटले.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली. वर्ग नाचायलाच लागला. पोरं मला खांद्यावर घेणार, इतक्यात मनीषानं खालची ओळ मोठ्यानं वाचली, 'विद्यार्थी प्रतिनिधी न कळवता गैरहजर. सबब वर्गाने नवीन प्रतिनिधी निवडावा.'

मनीषा निवडून आली. बिनविरोध! तिचा फॉर्म भरला गेला, वर्ष वाचलं. खरं सांगतो, मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

पुढच्या बैठकीचं तिला रीतसर पत्र आलं. मला नानांचा निरोप आला, "लवकर ये रे भाऊ, सायेबनी तुलेच बलायेल शे!" साहेबांनी मलाच बोलावलं होतं, चहा द्यायला!

गेलो. मनीषा ऐटीत खुर्चीवर बसलेली. तिलाही चहा मीच दिला. एक घोट घेतला आणि म्हणते कशी, "भाऊ, साखर कमी आहे रे!"