दाभणाला लटकलेली माणसं

बुलढाणा जिल्ह्यात औषधांनी जेवढी माणसं बरी झाली, त्याहून जास्त माणसं आमच्या मामेसासऱ्यांच्या प्रश्नांनी हैराण झाली, असं माझं ठाम मत आहे. माझं ठाम म्हणावं असं हे एकच मत उरलं. बाकीची त्यांच्या सहवासात डळमळीत झाली. महाराष्ट्र राज्य नवं होतं, माझं लग्न त्याहून नवं होतं, आणि धाडच्या पुढे एका गावात मी प्राथमिक शाळेवर मास्तर होतो. त्याच गावच्या लहानशा दवाखान्यात बायकोचे हे मामा कंपाउंडर. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. उरलेले दिवस दवाखाना म्हणजे मामाच.

कुठलीही वस्तू माणसाला खरोखर वापरता येते का, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्या काळी मिक्श्चरच्या बाटलीला डोस दाखवणारी कातरलेली कागदी पट्टी चिकटवत. ती लोकांना समजते का, म्हणून मामांनी माझ्या सासूबाईंना रंगीत पाण्याची बाटली दिली आणि स्वतः दाराआड उभे राहिले. सासूबाईंनी आधी पट्टी भिजवून खरवडून काढली, बाटली लख्ख पुसली आणि मग अंदाजाने एक मोठा घोट घेतला. मला दिवाळसणाला मामांनी हातरुमाल दिला, तेव्हा मी त्याने आधी चष्मा पुसतो की तोंड, हे वहीत टिपून ठेवलं. मी काय आधी पुसलं ते मला आठवत नाही, पण त्यानंतर कितीतरी दिवस रुमाल खिशातून काढताना हात अडखळायचा.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मामांनी गोळ्यांच्या पुड्यांवर चित्रं काढायला सुरुवात केली. सकाळच्या पुडीवर उगवता सूर्य, संध्याकाळच्या पुडीवर मावळता. आठवड्यात निम्म्या गावाने सकाळच्या गोळ्या संध्याकाळी घेतल्या. मी म्हटलं, लोकांना साधं चित्र कळू नये म्हणजे कमाल आहे. मामांनी दोन्ही पुड्या माझ्यापुढे धरल्या आणि विचारलं, यातली सकाळची कोणती. मी बरोबर पाच मिनिटं पाहिलं आणि चुकीची दाखवली. ते चिडले नाहीत. म्हणाले, "चूक तुमची नाही, जावईबापू. चूक सूर्याची हाये. दोन्ही वेळा सारखाच दिसते." मग त्यांनी सकाळसाठी कोंबडा काढला. तर एक म्हातारी पुडी परत घेऊन आली. तिच्या घरी कोंबडा नव्हता, मग गोळी कवा घ्याची?

या माणसाने एकदा कार्डं काढली. क्षयाच्या रोग्यांना वर्षभर गोळ्या घ्याव्या लागत, आणि खोकला थांबला की लोक यायचेच थांबत. कोण आलं नाही हे शोधायला मामांनी पुठ्ठ्याची कार्डं केली. वरच्या काठालगत ओळीने बारा भोकं, महिन्याला एक. रोग्याने त्या महिन्याच्या गोळ्या नेल्या की एस.टी.च्या एका रिटायर कंडक्टरकडून मिळवलेल्या पंचाने मामा ते भोक काठापर्यंत कापून मोकळं करत. महिन्याच्या शेवटच्या बाजाराला गावागावांतून कार्डं गोळा व्हायची. बाजाराला येणारा कोणीही सगळ्या शेजाऱ्यांची घेऊन येई. मग मामा त्या महिन्याच्या भोकांतून पोती शिवायचं दाभण घालत आणि गठ्ठा उचलून झटकत. गोळ्या नेलेल्यांची कार्डं खाली पडायची. न नेलेल्यांची दाभणाला लटकून राहायची. लटकलेल्यांच्या घरी मामा सायकलवर जात.

हे मी इथे नीट लिहिलं आहे, पण तेव्हा मला अजिबात समजलं नव्हतं. पडला तो चांगला, की लटकला तो? मामा दर महिन्याला मला समजावत आणि शेवटी विचारत, "समजलं?" मी हाव म्हणायचो. ते माझ्याकडे बघून मान हलवायचे. गावातही गोंधळच होता. बाजारात माणसं एकमेकांना विचारत, "काय बे, तू पडला का लटकला?" आणि पडलेला माणूस परीक्षा पास झाल्यासारखा भजी खायचा.

पडणाऱ्यांत कौतिका होती. तीन कोसांवरच्या वाडीत भावाकडे राहायची. भाऊ तुळशीराम भाजी घेऊन बाजाराला यायचा. तिची दीड वर्षाची पोरगी साखरखेर्ड्याला सासूपाशी होती. बेडका साफ झाल्याचं डॉक्टर सांगतील तेव्हाच पोरीला जवळ घ्यायचं, असं ठरलं होतं. पहिल्या महिन्यात ती दर बाजाराला स्वतः येई आणि दर वेळी एवढंच विचारी की अजून किती. पुढे तुळशीरामच कार्ड घेऊन येऊ लागला. तीन महिने तिचं कार्ड पडलं. चौथ्या महिन्याला त्याने खोकल्याचं औषध मागितलं. बहीण पुन्हा खोकते म्हणाला.

मामांनी कार्ड दाभणावर चढवलं. पडलं. पुन्हा चढवलं, पुन्हा पडलं. "मी इसरतो, मास्तर. दाभण नाही इसरत," असं ते पुटपुटले खरे, पण मला जावईबापू म्हणायचं विसरले, यावरून मी ओळखलं की ते घाबरले आहेत.

दुसऱ्या दिवशी रविवार. सायकलवर ते पुढे आणि मी मागे कॅरिअरवर, असे आम्ही वाडीत पोचलो. कौतिका अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. वाळली होती. मामांनी कार्ड परत दिलं आणि तिच्या हाताकडे बघत उभे राहिले. तिने ते घेतलं, आत गेली आणि भिंतीवरच्या खिळ्याला, पाचव्या भोकात, टांगलं.

मामांचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

"खिळ्याले काऊन टांगतं?"

"तुमीच तं म्हणले होते, उंदरापासून जपा," ती म्हणाली. "भोक फाटलं का म्होरल्या भोकात टांगाचं."

पुठ्ठ्याच्या वजनाने एकेक भोक काठापर्यंत फाटत गेलं होतं. पंचाने नव्हे, खिळ्याने. गोळ्या तिने पहिल्या महिन्यानंतर नेल्याच नव्हत्या. मामांनी विचारलं, का नाही आलीस. तिला प्रश्नच विचित्र वाटला. "खोकला थांबला होता. अन् भाऊ दर बाजारी सांगे, तुही चिठ्ठी पडली, तू पास. मंग काऊन येऊ?" मग तिने विचारलं, "पोरीले आणू ना आता, मामा?"

मामा उंबऱ्यावर बसले. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "नाही बाई. पह्यल्यापासून घ्या लागन. चूक तुही नाही, माही हाये."

ती रडली नाही. अंगणात येऊन जुडी बांधून पुरी केली, सुतळी दाताने तोडली आणि म्हणाली, "मंग आजपासूनच घेतो."

त्यानंतर मामांनी प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात एक वेगळं भोक पाडलं आणि मोच्याकडून त्याला बुटाच्या नाडीच्या भोकाला असते तशी पितळी कडी बसवून घेतली. खिळ्याचं भोक वेगळं, औषधाचं वेगळं. शिवाय सायकल उलटी फिरवली. लटकलेल्यांकडे जातच होते. आता आधी पडलेल्यांकडे जायचे. मी गोंधळून विचारलं, पडलेले तर चांगले ना? म्हणाले, "लटकला त्याचं कळते. पडला त्याचंच काही कळत नाही." मी हाव म्हटलं.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी होकार दिला. कौतिका पोरीला घेऊन बाजाराला आली. पोरगी आईला ओळखत नव्हती, मामांच्या टोपीला मात्र लगेच हात घातला. मामांनी टोपी तिच्याकडेच ठेवली. ती टोपीचं काय करते ते त्यांना बघायचं असणार.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. सामान आवरताना त्यांच्या पत्र्याच्या पेटीत दाभण सापडलं, आणि एक कार्ड. वर माझं नाव. खाली त्यांच्या अक्षरात एकच शब्द: समजलं? बारा भोकं, त्यांतली अकरा बंद. बारावं काठापर्यंत उघडं होतं. मी ते खिडकीशी नेऊन चष्मा पुसून, रुमालाने, बराच वेळ पाहिलं. काठ थोडा सरळ होता, थोडा दातेरी. मामांनी शेवटी पंच मारला होता, की ते कुठल्या खिळ्याला नुसतं टांगून फाटलं होतं, हे मला काही ठरवता आलं नाही.

कोपऱ्यात पितळी कडी नव्हती. मी मोच्याकडे जाऊन बसवून आणली.