एडवणच्या मावशीचं ऐकणं

तारापूरला मोठं बांधकाम सुरू झालं आणि बोईसरच्या आठवडी बाजारात घाटावरची माणसं दिसू लागली. सुके बोंबील त्यांनी जन्मात पाहिले नव्हते, पण सल्ला द्यायची हौस दांडगी. माझ्या वांग्यांशेजारी बोंबील घेऊन बसणारी एडवणची मावशी मान डोलवत प्रत्येकाचं ऐकायची. "गिऱ्हाईक बोलते ते आपल्याच भल्याचं, बाय," म्हणायची.

एकजण म्हणाला, वास फार येतो. पुढच्या बाजाराला मावशीने बोंबील धुऊन आणले. ते फुगून पुन्हा ओले झाले होते. एका बाईला त्यांचे डोळे बघवेनात, म्हणून मावशीने घरी बसून एकेकाचं मुंडकं उडवलं. तर दुसरा विचारतो, "मुंडकं नाही, मग हा मासा कशावरून?" तेव्हापासून ती खात्रीसाठी मुंडक्यांचा वेगळा वाटा लावू लागली.

शेवटी मीच वैतागले. "मावशी, आता कुणाचं म्हणजे कुणाचं ऐकू नकोस!"

"बरं सांगितलंस, बाय. आता नाय आयकत."

पुढच्या बाजाराला कुणी भाव विचारला की ती आभाळाकडे बघायची. गिऱ्हाइकं मग मला विचारू लागली. दिवसभर मी तिचेच बोंबील विकले. माझी वांगी तशीच पडून.

उन्हं कलताना एका बाईने वांगं हुंगलं. "ह्याला बोंबलाचा वास येतोय."

मी मावशीकडे पाहिलं. ती आभाळाकडेच बघत होती.

मी पाटी उचलली आणि वांगी धुवायला विहिरीवर गेले.