हसण्याची नोंद

आमच्या कोर्टात त्यांना सगळे ‘तीन-भेटी बाई’ म्हणतात. नाव मीच पाडलं, तेही चेष्टेनं. मी इथला टंकलेखक. न्यायाधीश साहेब बोलतील ते टाइप करायचं आणि स्वतःचं मत घरी ठेवून यायचं, ही माझी नोकरी. बाईंची नोकरी त्याहून अवघड. अठरा-वीस वर्षांचं पोर गुन्ह्यात सापडलं, की त्याला तुरुंगात पाठवावं की देखरेखीखाली बाहेर ठेवावं, याचा अहवाल त्यांनी साहेबांना द्यायचा.

बाकीचे अधिकारी एका भेटीत काम उरकतात. बाई तीनदा भेटतात. एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात, एकदा पोराच्या घरी आणि तिसऱ्यांदा बसथांब्यामागच्या सायकलच्या दुकानात. तिथं त्याला पंक्चर काढायला बसवतात आणि स्वतः शेजारी स्टुलावर गप्प बसून त्याचे हात बघतात. मला हे थोतांड वाटायचं. एकदा डबा खाताना तोंडावर म्हणालो, “बाई, सायकलवाल्यानं तुम्हाला भागीदार करून घेतलंय की काय?”

बाई हसल्या नाहीत. डब्याला झाकण लावलं आणि सांगायला लागल्या.

तेरा वर्षांपूर्वी त्या नव्या होत्या. एकोणीस वर्षांचा एक मुलगा त्यांच्यासमोर आला. मित्रांच्या नादानं दुकानाचं कुलूप तोडलं होतं. बाई काहीही विचारोत, हा आपला हसतोय. बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी लिहिलं, ‘चौकशीच्या वेळी आरोपी हसत होता. पश्चात्ताप दिसत नाही.’ तेव्हाच्या साहेबांनी तेवढं वाक्य भर कोर्टात मोठ्यानं वाचलं आणि पोराला तीन वर्षं मोठ्या माणसांच्या तुरुंगात धाडलं.

सुटल्यावर तो कसल्याशा कागदावर शिक्का घ्यायला बाईंच्या टेबलापाशी आला, तर पुन्हा तेच हसू. पण हातातला कागद लटलट कापत होता. “मला भीती वाटली की हसू येतं, बाई,” तो म्हणाला. “शाळेत मार खातानाही यायचं. म्हणून दुप्पट खायचो.”

तोच हा सायकलवाला. बाईंवर त्याचा राग नव्हता. एकच गोष्ट त्याच्या जिवाला लागून राहिली होती. तुरुंगात भेटायला आलेली आई जाळीपलीकडून दर वेळी विचारायची, “तू खरंच हसलास का रे? एवढ्या शिकलेल्या बाई खोटं कशाला लिहितील?” आणि हसला तर तो होताच. आईला सांगणार काय, कपाळ!

“मग माफी मागितलीत का त्याची?” मी विचारलं.

“धीर होत नाही हो,” बाई म्हणाल्या. “पोरं नेते त्याच्याकडे. तेवढंच.”

त्या दिवसापासून माझी चेष्टा बंद झाली.

मागच्या महिन्यात असाच एक एकोणीस वर्षांचा पोरगा कोर्टासमोर आला. गोदामातून तांब्याची तार चोरताना मित्र पळाले, हा सापडला. गुन्हा कबूल केला होता. सरकारी वकील म्हणाले, आरोपी सज्ञान आहे, दोन वर्षं तुरुंग द्यावा. सज्ञान म्हणे! वाढदिवसाच्या सकाळी कुणी शहाणा होऊन उठतो का? मी स्वतः तिशीत शहाणा झालो असं बायको म्हणते, आणि तेही तिचं मन मोठं म्हणून. बाईंच्या अहवालात लिहिलं होतं, की याला देखरेखीखाली ठेवावं, सायकलवाला कामावर घ्यायला तयार आहे. साहेब म्हणाले, त्या सायकलवाल्याला मला बघायचंय.

तो आला. इस्त्रीचा शर्ट, नखांत काळं ग्रीस. पिंजऱ्यात उभा राहिला.

“या मुलाची जबाबदारी घेणार का?” साहेबांनी विचारलं.

आणि तो हसायला लागला.

“यात हसण्यासारखं काय आहे?” साहेबांचा आवाज चढला. तसा हा आणखीच हसू लागला. तिकडे पोराचा चेहरा पांढराफटक पडला. वकिलांनी पेनाला टोपण लावलं. मी मनात म्हटलं, गेलं पोर.

बाई उभ्या राहिल्या. “साहेब, हा घाबरलाय. त्याचे हात बघा.”

साहेबांनी पाहिलं. लाकडी कठडा घट्ट धरलेले दोन्ही हात थरथरत होते.

“तेरा वर्षांपूर्वी याच खोलीत मी याच्याबद्दल लिहिलं होतं, की याला पश्चात्ताप नाही. मी तोंड बघितलं, हात बघितले नाहीत. माझी चूक झाली.” मग त्या त्याच्याकडे वळल्या. “माफ कर रे मला.”

माझी बोटं थांबली होती. साहेबांनी हळू आवाजात विचारलं, “बाई, हे नोंदीत घ्यायचं?”

“घ्या साहेब. तेव्हाचं घेतलं होतं, मग हेही घ्या.”

मी टाइप केलं. मला रडू आलं, उगाच का लपवू. साहेबांनी पोराला दोन वर्षं बाईंच्या देखरेखीखाली ठेवलं आणि उद्यापासून दुकानात जायला सांगितलं.

कोर्ट उठल्यावर सायकलवाला माझ्या टेबलाशी आला. हसत होताच.

“साहेब, त्या पानाची नक्कल मिळेल का?”

“तुला कशाला रे?”

“आईला वाचून दाखवतो,” तो म्हणाला. “अजून विचारते ती.”