मधल्या संध्याकाळचा फोटो

अमरावतीच्या राजापेठेत मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. धूमकेतू आला तेव्हा वर्गात फुशारकी मारून बसले, "याची कक्षा मी स्वतः काढून दाखवते." इंटरनेटवर ती तयार मिळते हे पोरांनाही माहीत होतं. पण आयत्या बिळावरचा नागोबा व्हायचं मला नव्हतं.

कृती तशी साधी. तीन वेगवेगळ्या संध्याकाळी फोटो काढायचे, आजूबाजूच्या ताऱ्यांवरून धूमकेतूची जागा मोजायची आणि फोटोची वेळ नेमकी धरायची. एवढ्यावरून त्याची सूर्याभोवतीची वाट गणितानं निघते. पहिला फोटो मी गच्चीवरून काढला आणि अमरावतीवर ढग जे बसले ते उठेचनात. माहेरी, अकोल्यात आभाळ मोकळं होतं. माझा जुना कॅमेराही तिकडेच, म्हणून बाबांना फोन केला.

निवृत्तीनंतर बाबांना कोणी काही विचारत नाही, असं आईचं मत आहे. कोणी पुन्हा विचारू नये अशीच उत्तरं ते देतात, असं माझं. पण या कामाला ते असे भिडले की शेजारच्या गच्चीवरचा दिवा दमदाटी करून बंद करवला. फोटो झकास आला. सकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांना त्यांनी सांगून टाकलं, "पोरीचं गणित आपल्या फोटोवर चालून राहिलं."

तिसरा फोटो पुन्हा माझा. गणित मांडलं आणि कपाळाला हात लावला. धूमकेतू असा सुसाट निघाला होता की सूर्याला ओळखही दाखवेना. माझे दोन्ही फोटो तपासले, ठीक होते. राहिला बाबांचा. तो टाकून देऊन नवा काढणं शहाणपणाचं होतं, पण ते त्यांना सांगायचं कोणी?

शेवटी आडून आडून विचारलं, "बाबा, कॅमेऱ्यातली वेळ बराबर होती नं?"

"काहून? भिंतीवरच्या घड्याळाशी लावली ना मी. बराबर दहा मिनिटं पुढं. एका सेकंदाचा फरक नाही!"

बाबांनी नोकरीभर मूर्तिजापूरला अपडाऊन केलं. गाडी चुकू नये म्हणून आमचं घड्याळ कायम पुढे. नोकरी संपली, घड्याळ तसंच राहिलं. लग्नानंतर अमरावतीच्या वेळेत राहून मी हे साफ विसरले होते. दहा मिनिटांत धूमकेतू जेवढा सरकतो, तेवढं गणित बिघडायला पुष्कळ झालं.

दहा मिनिटं वजा केली आणि स्वारी सूर्याच्या कह्यात आली. कक्षा मात्र इतकी लांबट की ती पुरती मिटते की नाही, हे माझ्या मोजमापाला छातीठोकपणे सांगता येईना. लगेच अकोल्याला फोन लावला.

"म्हंजे वापस येते का नाही तो?" बाबांनी विचारलं.

"येईन तो बहुतेक. हजारो वर्षांनी. किती हजार, ते एवढ्या फोटोंवर नाही सांगता येत."

"मंग एवढं करून सांगतलं काय तुनं?"

मला हसू आलं. "बाबा, तुमचा फोटो नसता तं एवढंबी सांगता आलं नसतं. दोन फोटोंवर कक्षा निघतच नाही."

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"थांब, तुह्या मायले फोन देतो. हे तिले सांग जरा."