सुकन्याच्या कळपाची खूण

सुकन्यानं ते ॲप अकरा महिन्यांत उभं केलं. आठवडाभर टॉवेल कारखान्यात उभ्यानं घड्या घालायच्या आणि सुट्टीच्या दिवशी नवी पेठेत, कापड दुकानाच्या माडीवर, उदयसिंह सरांच्या क्लासला बसायचं. सर जे टूल शिकवत ते बाहेरच्या कुठल्या कंपनीचं होतं. त्यात कोड लिहायचा नसे, तयार तुकडे पडद्यावर ओढून जोडायचे. जोडणं सोपं होतं. काय जोडायचं हे तिला माहीत होतं, म्हणून ते ॲप झालं.

तिचे वडील मायाप्पा मेंढपाळ. दिवाळीनंतर सांगोल्याकडचं कोरडं गाव सोडायचं आणि पावसाला परतायचं. वाटेतले शेतकरी खतासाठी रानात मेंढ्या बसवून घेतात. पण कळप कुठवर आलाय हे शेतकऱ्याला कळत नाही, आणि खत कुणाला हवंय हे मेंढपाळाला. ॲपनं तेवढंच सांगायचं होतं. बऱ्याच मेंढपाळांना वाचता येत नाही, म्हणून सुकन्यानं सगळं आवाजात ठेवलं. बटण दाबलं की ऐकू यायचं, "आमी मोहोळच्या अलीकडं हाय." आवाज भरून घ्यायला त्रेचाळीस कळपांकडं ती स्वतः गेली. वाऱ्यानं आवाज बिघडला की पुन्हा जायची. ज्ञानबा नावाच्या म्हाताऱ्याकडं चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला तो म्हणाला, "पोरी, मेंढरंबी आता तुला वळकाय लागली."

मग ॲप स्टोअरवर टाकायची वेळ आली. सर म्हणाले, नवीन खातं उघडण्यात महिना जाईल, माझ्याच खात्यातून टाकू. सुकन्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिच्या घरात असंच चालत आलं होतं. पाच घरांच्या मेंढ्या एकत्र निघतात, नाव एका म्होरक्याचं असतं. शेतकरी त्यालाच ओळखतो. पण प्रत्येक घराची कान कापायची खूण वेगळी. परतल्यावर कान बघायचा आणि ज्याची मेंढी त्याच्या दारात न्यायची. कागद नाही, सही नाही. मायाप्पांची खूण डाव्या कानाला दोन खाचा.

फेब्रुवारीत स्टोअरनं नियम बदलला. असल्या टूलनं बनवलेलं ॲप ज्याचं काम त्याच्याच खात्यावर हवं. दुसऱ्याच्या खात्यावर असेल तर साठ दिवसांत मालकाकडं सोपवा, नाहीतर काढून टाकू. पत्र सरांना आलं. सुकन्याला ते कळलं एप्रिलमध्ये, क्लासमधल्या अंकिताकडून. अंकितानं मेंदीच्या नक्षीचं ॲप केलं होतं, ते सरांनी तिच्या खात्यावर देऊनही टाकलं होतं. तिनं सहज विचारलं, तुझं आलं का गं?

सुकन्या तशीच माडी चढली. सरांनी चहा मागवला आणि काही न लपवता स्टोअरचा फॉर्म दाखवला. यातला मजकूर आणि आवाज कुणी गोळा केले, असा प्रश्न होता. पुढं सरांचं नाव होतं.

"सर, हे आवाज मी आणले."

"मी कुठं नाही म्हणतोय? पण टूल कुणी शिकवलं?"

"तुमी."

"मग? अंकिताच्या ॲपला कोण विचारतंय? तुझं चालतंय, ते चालू राहायला हवं. आत तुझं नाव घालू की. आभार म्हणून."

तिनं चहा घेतला नाही.

स्टोअरला तिनं तक्रार केली. उत्तर आलं की खातेदारानं तसं लिहून दिलंय, तुमच्याकडं पुरावा असेल तर पाठवा. टूलच्या कंपनीनं कळवलं की सगळं काम सरांच्या लॉगिनवरून झालंय. ते खरं होतं. सकाळी सर लॉगिन करून देत आणि ती कामाला बसे. अकरा महिन्यांत तिला ते कधी खटकलं नव्हतं.

मायाप्पांचा कळप तेव्हा मोहोळजवळ होता. रजा टाकून ती एसटीनं गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी कळप त्याच्या नावानं गेला."

"व्हय."

"ते चालतंय की. तुजी खूण कुटं हाय त्यात?"

सुकन्या आठवत राहिली. बटणं टूलची, मेंढीचं चित्र टूलचं, घंटेचा आवाजसुद्धा टूलचा. माणसांचे आवाज ज्याचे त्याचे.

"घातलीच न्हाय, आप्पा."

खूण न करता मेंढरू दुसऱ्याच्या कळपात सोडायचं, हे त्यांच्या घरात कुणी केलं नव्हतं. सरांना शिवी द्यायला उघडलेलं तोंड मायाप्पांनी मिटलं.

बाभळीखाली बसून तिनं त्रेचाळीस फोन केले. प्रत्येकाला एकच सांगितलं. ते ॲप आता माझं न्हाय, तुमचा आवाज दुसऱ्याच्या हातात हाय, फोनात ठेवायचं का काढायचं तुमी ठरवा. दोघं म्हणाले, त्यातनं रान मिळतंय, राहू दे. तिनं त्यांना बोल लावला नाही. बाकीच्यांनी काढायचं ठरवलं. ज्ञानबा म्हणाला, "तू न्हाईस तर आमी कुणाशी बोलायचं?" त्यानं नातवाला हाक मारली आणि फोन चालू असतानाच ते काढायला लावलं.

ऊन कलल्यावर मायाप्पांनी आपला फोन पुढं केला. त्यांना ते काढता येत नव्हतं. सुकन्यानं मेंढीच्या चित्रावर बोट दाबून धरलं. नक्की काढायचं का, फोननं विचारलं. तिनं ‘हो’वर दाबलं आणि फोन परत दिला.

मायाप्पांनी तो खिशात टाकला, कात्री घेतली आणि उठले. दोन कोकरांचे कान कापायचे राहिले होते.